पलंगाला सोडलेली माया

मी शिवणकाम करते. वीस वर्षांपासून गावातल्या पोरापोरींचे शाळेचे ड्रेस माझ्याच मशीनवर शिवले जातात, त्यामुळे कोणाचं पोरगं किती वाढलं हे त्याच्या आईच्या आधी मला कळतं. आठवीत जाणाऱ्या पोराच्या पँटला खाली तीन इंच माया सोडायची हा माझा नियम. जूनमध्ये शिवलेली पँट दिवाळीत उसवून लांब करून देते. दुसऱ्यांच्या पोरांचं सगळं ध्यानात राहतं, घरच्या पोराचं मात्र राहिलं नाही.

तो तेव्हा नववीत होता आणि नवारीच्या बाजेवर झोपायचा. आमच्या वरोरा भागात खाटेला बाज म्हणतात. बाज सहा फुटांची, पण ठाव्यांच्या, म्हणजे पायांच्या, आतली नवार साडेपाच फूटच भरते. पोराचे पाय घोट्यापासून बाहेर, थेट दाराच्या वाटेवर. आमच्याकडे शेतीची लाईन बऱ्याचदा रात्रीच येते. हे दोन वाजता मोटर सुरू करायला उठायचे आणि अंधारात त्या पायांना धडकायचे. एका रात्री धडकून माझ्या मशीनच्या टेबलावर आपटले, कपाळाला टेंगूळ आलं. सकाळी म्हणाले, "एकतर याले छोटा कर, नाईतर बाज मोठी कर."

बाज मोठी करून ठेवायची कुठे? घरकुलातली ती खोली दहा बाय बारा. तिच्यात माझं मशीन, कापायचं टेबल, धाकटीची वह्यापुस्तकं, गिऱ्हाइकांच्या कपड्यांचे गठ्ठे आणि एका कोपऱ्यात मामाजींची बाज. मामाजी म्हणजे माझे सासरे, पोरांचे आबाजी. जमिनीवर हात ठेवायला जागा नव्हती. वर मात्र छत दहा फुटांवर. त्या मोकळ्या हवेचा कोणीच काही उपयोग करत नव्हतं.

पोराने मोबाईलवर उंच पलंगांचे फोटो दाखवले. वर झोपायचं, खाली टेबल. दिसायला छान, पण लोखंडी नळ्या माझ्या बोटाएवढ्या आणि आतली लांबी सहा फूट दोन इंच. म्हणजे नववीत घ्यायचा आणि अकरावीत भंगारात द्यायचा. मी त्याला म्हटलं, आपण घरीच करू, लाकडाचा, आणि तुझ्या आजच्या मापाचा नाही.

मिस्त्री गावातलेच. त्यांनी आयुष्यभर बैलगाड्या, दारं, चौकटी आणि पेटीचे दिवाण केले. माझा कागद पाहून म्हणाले, "वैनी, पलंग जमिनीवर असते. वर असते त्याले माळा म्हणतात. माळ्यावर कांदे ठेवतात, पोट्टे नाई." पण आले. कापसाची वेचणी चालू होती, गावात मजूर मिळत नव्हता आणि त्यांच्या हाताला डिसेंबरात काम नव्हतं, हेही एक कारण.

आधी माप. पोरगा किती वाढेल हे कोण सांगणार? मी मामाजींना धरलं. घरात सगळ्यात उंच तेच. आता कमरेत वाकलेत, पण मापाला माझ्याकडे यायचे तेव्हा माझी टेप त्यांच्या खांद्यापर्यंत नेताना मला टाचा उचलाव्या लागायच्या. त्यांना म्हटलं, "मामाजी, जरा जमिनीवर आडवे व्हा." ते चटईवर झोपले. उभं असताना वाकलेला माणूस आडवा झाला की हळूहळू सरळ होतो, हे मी पहिल्यांदा बघितलं. पाठ एकेक बोट जमिनीला टेकत गेली. डोक्यामागे आणि टाचेखाली मी कापडावरच्या खडूने रेघ मारली. पाच फूट अकरा इंच. तरणेपणी एखादा इंच अधिक असेल. पाठीवर निजल्यावर पाऊल पुढे लवतं त्याचे चार इंच, डोक्यामागे हात घ्यायला थोडी जागा, असं करत पलंगाची आतली लांबी सहा फूट नऊ इंच ठरवली. रुंदी साडेतीन फूट. मिस्त्री म्हणाले, नऊ इंच काहून फुकट घालता? मी म्हटलं, माया आहे. त्यांनी मान हलवली आणि लिहून घेतलं.

उंचीवर दोन दिवस वाद झाला. पोराला खाली सरळ उभं राहता येईल असं हवं होतं. मला तेव्हा वाटलं बरोबर आहे. पण मिस्त्री म्हणाले, "कपाळाच्या उंचीवर कधी लाकूड ठेवू नका. छातीएवढं असलं तर माणसाले दिसते, तो वाकते. डोक्याच्या वर असलं तर लागत नाई. मधात असलं की रोज फुटते." हे मला पटलं, कारण यांच्या कपाळावरचं टेंगूळ अजून हिरवं होतं. डोक्याच्या वर न्यायचं तर गादी छताला जाऊन भिडली असती. म्हणून खालची मोकळी उंची चार फूट आठ इंच ठेवली. खुर्चीवर बसून अभ्यास होतो, उभं राहायचं तर बाहेर यावं लागतं. गादीवरून छत पुन्हा चार फूट आठ इंच. पोरगा वर मांडी घालून बसला तरी डोक्यावर दीड फूट राहतं.

खालच्या जागेचं काय करायचं यावर मिस्त्रींचं ठरलेलं होतं. तीन कप्प्यांचं कपाट आणि पक्कं टेबल, सगळं एकसंध. मामाजी तोवर बाजेवर बसून सुपारी कातरत होते. म्हणाले, "खाली काई गाडू नको, बाई. उन्हाळ्यात पोट्टं खालीच निजन." मी बिजागरीवर उघडमिट होणारी फळी सांगितली, मिटली की भिंतीला चिकटते. मिस्त्री नाराज झाले. कपाटात त्यांचे तीन रोज होते.

एक गोष्ट कोणाच्याच लक्षात आली नव्हती. मी खोलीच्या फरशीवर खडूने पलंग आखला. आखलेल्या पलंगाच्या काठावर मधोमध उभी राहिले आणि वर बघितलं तर पंखा. दहा फूट रुंद खोलीत पंखा पाच फुटांवर, पातं दोन फुटांचं, म्हणजे भिंतीपासून तीन फुटांवर पात्याचं टोक फिरतं. आणि पलंगाची बाहेरची रुंदी पावणेचार. पातं पलंगावर नऊ इंच आत येत होतं. वर गुडघ्यावर उभ्या राहिलेल्या पोराचा हात तिथे सहज जातो. पंखा काढला, समोरच्या भिंतीवर भिंतपंखा लावला. जे कोणी असं काही करणार असतील त्यांनी लाकडाआधी छताकडे बघावं.

आता लाकूड. धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, आमची सागाची दोन झाडं आहेत. यांना वाटलं, एक पाडू. पटवाऱ्याने सांगितलं की झाड तुमच्या शेतात असलं तरी साग परवानगीशिवाय तोडता येत नाही, 1964 पासून कायदा आहे, आणि मग वाहतुकीचा पास वेगळा. तसंही ओलं लाकूड लगेच वापरलं तर वाळताना पीळ घेतं. मग आठवलं, घरकुल बांधताना पाडलेल्या कवेलूच्या घराच्या मयाली आणि खांब गोठ्यामागे पडले आहेत. मयाल म्हणजे घराची मुख्य तुळई. साठ-सत्तर वर्षं छपराखाली वाळलेला साग. जमिनीत गाडलेल्या खांबांची बुडं उधईने (वाळवीने) खाल्ली होती, पण खाल्ली ती कडेची पांढरी. आतला तांबूस गाभा तिने सोडून दिला होता. मिस्त्रींनी बुडं कापली, वाकसाने पांढरी सोलली आणि गाभ्यावर रंधा मारला. दोन हात पुढे जाताच पिवळसर तपकिरी रेषा वर आल्या आणि चामड्यासारखा, थोडा तेलकट वास सुटला. मिस्त्री तोवर पलंगाला हसत होते. तो वास आल्यावर त्यांचा सूर बदलला. 2023 च्या मार्चमध्ये राममंदिराच्या दारांसाठी बल्लारपूरहून सागवान अयोध्येला गेलं, ती गोष्ट त्यांनी मला त्या आठवड्यात चार वेळा सांगितली. "तेच लाकूड हाये हे, वैनी. त्याच जंगलातलं."

लाकूड कापून देणारा आरा-मशीनवाला मात्र जुन्या लाकडाला हात लावेना. एकतर सागाचा कागद पाहिजे. तो आम्ही घर पाडल्याच्या ग्रामपंचायतीच्या दाखल्यावर निभावला. दुसरं म्हणजे खिळे. एक खिळा लागला की पट्ट्याचे दात जातात, पैसे कोण देणार? घरी येऊन मी माझं लोहचुंबक काढलं. मशीनखाली सांडलेल्या टाचण्या आणि सुया गोळा करायला मी ते ठेवते, जुन्या स्पीकरमधलं आहे. त्याला दोरा बांधला आणि मयालीवर एकेक बोट सरकवत नेलं. खिळा असला की दोरा तिरपा होतो. धाकटी खडूने गोल काढत होती, हे पक्कडने उपटत होते. त्रेचाळीस निघाले. डोकी तुटलेले, गंजून लाकडाच्या रंगाचे झालेले, डोळ्याला एकही दिसत नव्हता. एक पाळण्याचा आकडा निघाला नाही, दांडी आत तुटलेली. ती फळी आऱ्यावर नेलीच नाही, हातकरवतीने कापून डोक्याकडच्या कठड्यात वापरली. आता त्यावर दप्तर टांगलेलं असतं.

तीन बाय तीन इंचांचे चार खांब, साडेसहा फूट उंच. सहा इंच रुंद आणि दीड इंच जाड अशा दोन लांब फळ्या. मिस्त्रींना सगळं खिळे आणि फेविकॉलमध्ये हवं होतं. मला ते नको होतं. ड्रेस शिवताना बाही शेवटी जोडतात, कारण ती उसवायची वेळ येते. पलंग खोलीतून कधीतरी बाहेर काढावा लागेल आणि दार तीन फुटांचं आहे. म्हणून डोक्याकडची आणि पायाकडची अशा दोन चौकटी पक्क्या केल्या. खांबाला आरपार भोक, त्यात आडव्या फळीची जीभ, वरून लाकडाची खुंटी. आणि त्या दोन चौकटींना जोडणाऱ्या लांब फळ्या बोल्टने आवळायच्या. गोल डोक्याचे दहा एमएमचे बोल्ट, प्रत्येक कोपऱ्याला दोन, एकूण आठ, आतून मोठी वायसर. चौकट आडवी करून दारातून आत जाते, आत उभी करता येते. मी आधी खराट्याच्या काड्यांची चौकट बांधून दारातून नेऊन बघितली होती. मिस्त्री हसले, पण अंगणात पूर्ण जोडलेला आणि दारात अडकलेला दिवाण त्यांनीच मला पूर्वी एकदा एका घरात दाखवला होता.

त्या जिभांचं काम बघत बसावं असं. मिस्त्री सूतात बोलतात. एका इंचात आठ सूत. पटाशीने भोक कोरताना ते म्हणायचे, "अर्धा सूत घट्ट ठेवतो." जीभ भोकाच्या तोंडाशी लावायची, हाताने दाबली तर अर्धी जाते, मग लाकडी मोगरीने ठोकायचं. ठोकताना आवाज बदलत जातो. आधी पोकळ, मग भरीव, आणि शेवटचा ठोका दगडावर मारल्यासारखा. तो आवाज आला की थांबायचं. एका भोकात तो आवाज आलाच नाही. त्यांनी जीभ काढली, त्यावर सागाची पातळ चीप चिकटवली, रंधा फिरवला, पुन्हा ठोकली. मी ब्लाऊजचा मुंढा तीनदा उसवते तेव्हा बायका मला वेडी म्हणतात. त्या दिवशी मला सोबत मिळाली.

सातव्या दिवशी पलंग खोलीत उभा राहिला. पोरगा वर चढला आणि मुद्दाम अंग हलवलं. पलंग लांबीच्या दिशेने डुलला, आगगाडीच्या डब्यासारखा, आणि कुईकुई वाजला. मिस्त्रींचा चेहरा पडला. सांधे सगळे घट्ट होते, तरी हलत होता. त्यांनी बोल्ट आवळले. कुईकुई गेली, डोलणं तसंच राहिलं.

मामाजी उठून आले. त्यांनी आयुष्यात पलंग केला नव्हता, पण शेतात मचानी कित्येक बांधल्या. रानडुकरं आणि रोही (नीलगाई) पीक खातात म्हणून पूर्वी रात्रभर जागल करायची, तीही मचानीवर बसून. त्यांनी खांबाला हात लावला, एकदा हलवून पाहिलं आणि म्हणाले, "मचानीचे पाय म्या कधी उघडे नाई ठेवले. वारा सुटला की चौकोन लवते, तिकोन लवत नाई. मांगून कैची मारा." चौकोनाचे कोपरे कितीही घट्ट केले तरी उंच पायांवर तो समांतरभुज होऊ पाहतो. पोरगा लगेच म्हणाला, हे आमच्या भूमितीत आहे. मग आठ दिवस गप्प का होतास, हे मी त्याला विचारलं नाही.

भिंतीकडच्या बाजूला दोन तिरप्या पट्ट्या मारल्या, मध्ये जिथे एकमेकींना छेदतात तिथे एक बोल्ट. डोलणं जवळजवळ गेलं. राहिलेलं घालवायला पलंग भिंतीला धरायचा ठरला. पहिला अँकर बोल्ट आवळताना प्लास्टरसकट बाहेर आला, कारण भोक दोन विटांच्या सांध्यावर पडलं होतं आणि तिथला मसाला भुसभुशीत होता. हे भोक पाडायचं काम यांनी केलं होतं, मिस्त्रींनी नाही, इतकं लिहून ठेवते. दुसऱ्या वेळी ठोकून विटेचा आवाज ऐकला आणि विटेच्या मधोमध भोक पाडलं. लांब भिंतीला तीन जागी, आखूड भिंतीला एक. आता पलंग हलवला तर खोली हलावी लागेल.

गादीखालच्या पट्ट्यांसाठी मी पैसे वाचवायला गेले आणि नीलगिरीच्या घेतल्या. तेरा पट्ट्या, तीन इंच रुंद, तेवढ्याच अंतरावर. पोराला वर झोपवण्याआधी मामाजींनी अट घातली की वजन ठेवून बघा. भाव वाढेल म्हणून सोयाबीन घरातच होतं. पन्नास किलोचा एकेक कट्टा यांनी आणि मिस्त्रींनी उचलून वर ठेवला. मी खालून लांब फळीला दोरा ताणून बांधला होता, लवली तर दिसावं म्हणून. तीन कट्टे, काही नाही. चार, पाच. फळी एक सूत लवली. सहावा ठेवला आणि कडकन आवाज झाला. मधली पट्टी गाठीपाशी तुटून एक टोक खाली लोंबलं. कट्टा पडला नाही, शेजारच्या पट्ट्यांवर तिरपा टेकला. धाकटी टाळ्या पिटत होती. माझ्या मात्र पोटात गोळा आला, कारण तिने तोवर तिच्या तीन मैत्रिणींना वर बसायचं आमंत्रण देऊन ठेवलं होतं.

सगळ्या पट्ट्या बदलल्या. ऐनाच्या लाकडाच्या घेतल्या, गाठ नसलेल्या, एकेक हातात वाकवून. खाली मधोमध लांबीची एक दांडी टाकली, म्हणजे पट्टीला साडेतीन फुटांची उडी न मारता पावणेदोन-पावणेदोनचा आधार मिळाला. पुन्हा सहा कट्टे चढवले आणि रात्रभर तसेच ठेवले. सकाळी दोरा जिथे होता तिथेच.

कठड्याबाबत मी मोबाईलवर वाचलं होतं. अमेरिकेत दुमजली पलंगांना नियम आहे की कठडा गादीच्या वर किमान 5 इंच हवा, त्यातली फट 3.5 इंचांपेक्षा मोठी नको म्हणजे लहान मूल आत सरकून मान अडकत नाही, आणि 6 वर्षांच्या आतल्या मुलाला वर झोपवू नये. पण त्यांची गादी फोमची, आमची कापसाची. पिंजून आणली की फुगते, वर्षभराने दबते. घरच्याच रुईची गादी भरून घेतली, तेव्हा ती पाच इंच होती; आज साडेतीन असेल. म्हणून माप नव्या फुगलेल्या गादीवरून धरायचं. मी गादीच्या वर चौदा इंच कठडा ठेवला, फटी तीन इंचांच्या. आमचा पोरगा झोपेत क्रिकेट खेळतो. शिडीच्या पायऱ्या गोल दांड्यांच्या न करता चपट्या केल्या, दोन दोन इंच रुंद, नाहीतर अनवाणी तळव्याला रोज टोचतं. शिडी थोडी तिरपी ठेवली आणि तिच्या पायांना सायकलच्या ट्यूबचे तुकडे चिकटवले, फरशीवर सरकू नये म्हणून.

रंग देणार नाही हे आधीच ठरवलं होतं. घाणीवरून जवसाचं तेल आणलं, कापडाच्या चिंध्यांनी चोळलं. तीन हात दिले, प्रत्येक हाताला तीन-चार दिवस वाळायला लागले. यात एक गोष्ट थोडक्यात निभावली. पहिल्या दिवशी तेलाच्या चिंध्या मी गोळा करून कोपऱ्यात टाकल्या, वर कपड्यांचे तुकडे पडले. तासाभराने जळकट वास आला. गठ्ठ्यात हात घातला तर आत पोळण्याइतका गरम. जवसाचं तेल वाळताना हवेशी मिळून उष्णता सोडतं, आणि चिंध्यांचा गोळा असला की ती बाहेर जात नाही, आपोआप पेट घेऊ शकते. माझ्या खोलीत तर कापडच कापड. तेव्हापासून तेलाची चिंधी अंगणातल्या तारेवर एकेक सुटी वाळत घालते, मगच टाकते.

संक्रांतीच्या आधी पोरगा वर चढला. थंडीत ती जागा घरातली सगळ्यात उबदार. त्याने नाव ठेवलं मचान. धाकटीची हेवा करायची पद्धत म्हणजे रोज खालून पट्ट्यांवर स्केल वाजवणं. माझं कापायचं टेबल पलंगाखाली आलं, सकाळी त्याचा अभ्यास झाला की फळी मिटायची आणि टेबल पुढे ओढायचं. हे आता माझ्या मशीनला धडकत नाहीत. रात्री वाट मोकळी असते.

मग एप्रिल. आमच्याकडे मे महिन्यात पारा 45-46 पर्यंत जातो, आणि स्लॅब दिवसभर तापून रात्री ती उष्णता खाली सोडते. रात्री अकरा वाजता छताला हात लावला तर उतरवलेल्या तव्यासारखं. कूलर खिडकीत, जमिनीपासून तीन फुटांवर. त्याची गार हवा जड, ती फरशीवरून वाहत जाते, वर चढत नाही. पोराने शाळेच्या प्रयोगशाळेतून एका रात्रीपुरता थर्मामीटर मागून आणला. साडेदहा वाजता गादीवर 38, खाली बाजेवर 33. पाच अंशांचा फरक. त्याने थर्मामीटर आबाजींना दाखवला. ते बघितल्यासारखं करून म्हणाले, "माहीत हाये."

त्या रात्रीपासून त्याची बाज पलंगाखाली. टेबल बाहेर, फळी मिटलेली, वरून पलंगाची सावली, बाजूने कूलर. कपाट पक्कं केलं असतं तर दरवर्षी तीन महिने पलंग रिकामा आणि पोरगा अंगणात. छतावर यांनी चुन्याचे दोन हात मारले आणि वर पऱ्हाटी, म्हणजे कापसाची वाळलेली झाडं, पसरली, त्याने रात्रीचं छत जरा सुसह्य झालं, पण नवतप्यात, म्हणजे पंचवीस मेपासूनच्या नऊ दिवसांत, वर झोपणं अशक्यच. मोबाईलवरचे ते फोटो जिथले असतील तिथे पंचवीस मे उगवत नसावा. विदर्भात उंच पलंग करायचा तर खाली एक बाज मावेल एवढी जागा सोडूनच करावा, माझं तर स्पष्ट मत आहे. जूनच्या शेवटी पाऊस लागला की स्वारी पुन्हा वर.

खर्च विचारतात म्हणून सांगते. कटाई 1,200, मिस्त्रींचे सात रोज 800 च्या भावाने 5,600, बोल्ट आणि अँकर 900, ऐनाच्या पट्ट्या 1,400, तेल, पॉलिश पेपर आणि बिजागऱ्या 650. एकूण 9,750. यात भिंतपंख्याचे 1,900 नाहीत, नीलगिरीचे वाया गेलेले 600 नाहीत आणि आमच्या घरच्यांची मेहनतही नाही. साग विकत घ्यावा लागला असता तर मी हे केलंच नसतं.

पोरगा आता अकरावीत आहे. पाच फूट अकरा इंच झाला, आबाजींच्या खडूच्या रेघेबरोबर. पायाकडे अजून फळी लागत नाही. दर पावसाळ्याच्या तोंडाशी आणि दर उन्हाळ्यात मी पान्हा घेऊन बसते, कारण लाकूड ओलाव्याने फुगतं, उन्हाने आकसतं आणि बोल्ट थोडे सैल होतात. परवा तपासले. मामाजी खाली बाजेवर पडून बघत होते. आठ बोल्टांपैकी शिडीकडच्या एकाला पाव फेरी गेली. बाकीचे सात जागचे हलले नाहीत.